जॉन फॉन नॉयमन

जॉन फॉन नॉयमन (हंगेरियन नाव : नॉयमान यानोश लायोश, जन्म : बुडापेस्ट, २८ डिसेंबर १९०३, मृत्यू : वॉशिंग्टन, ८ फेब्रुवारी १९५७) हे हंगेरीत जन्मलेले अमेरिकन गणितज्ञ होते. संचसिद्धान्त, पुंजयामिकी, खेळांचा सिद्धान्त आणि संगणकशास्त्र या विषयांत त्यांनी मूलभूत कार्य केले. आज्ञा आणि माहिती एकाच स्मृतीत साठवणाऱ्या संगणकाच्या रचनेला त्यांचे नाव दिले जाते. संगणकाच्या प्रोग्रॅममधून यादृच्छिक संख्या निर्माण करण्याच्या पहिल्या पद्धतींपैकी एक, म्हणजे मध्यवर्ग पद्धती, त्यांनी सुचवली. ठरलेल्या नियमांनी चालणारे यंत्र खरीखुरी यादृच्छिकता निर्माण करू शकत नाही, याची पूर्ण जाणीव ठेवून त्यांनी ही पद्धती वापरली आणि तिच्या मर्यादाही स्वतःच मांडल्या.

जन्म आणि बालपण

नॉयमन यांचा जन्म बुडापेस्टमधील एका सधन ज्यू कुटुंबात झाला. वडील मिक्शा नॉयमान हे बँकेत उच्च पदावर होते, तर आई मार्गिट या कान घराण्यातील होत्या. तीन भावांमध्ये ते थोरले. मिहाय आणि मिक्लोश हे त्यांचे धाकटे भाऊ. १९१३ साली सम्राट फ्रान्झ योझेफ यांनी मिक्शा नॉयमान यांना सरदारकी बहाल केली. पुढे जर्मनीत राहताना यानोश यांनी या सरदारकीचा निदर्शक असलेला 'फॉन' हा शब्द आपल्या नावाला जोडला.

लहानपणापासूनच त्यांची स्मरणशक्ती आणि तोंडी हिशेब करण्याची क्षमता असामान्य होती. घरी त्यांना परदेशी भाषांचे शिक्षण मिळाले. बुडापेस्टच्या प्रसिद्ध फाशोरी लुथरन विद्यालयात लास्लो राट्स या गणितशिक्षकांनी त्यांचे गुण ओळखले आणि त्यांच्यासाठी विद्यापीठातील गणितज्ञांच्या खास शिकवणीची व्यवस्था केली. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे यूजीन विग्नर हे याच विद्यालयात त्यांच्या एक वर्ष पुढे होते. १९१९ साली बेला कुन यांच्या साम्यवादी राजवटीच्या काळात नॉयमान कुटुंबाला काही काळ देश सोडावा लागला. या अनुभवामुळे साम्यवादाविषयी त्यांच्या मनात कायमचा विरोध निर्माण झाला.

शिक्षण

गणितावर उपजीविका होणार नाही असे वडिलांचे मत होते. त्यामुळे नॉयमन यांनी एकाच वेळी दोन अभ्यासक्रम पत्करले. रसायन अभियांत्रिकीसाठी ते प्रथम बर्लिनला आणि नंतर झुरिकच्या तंत्रविद्यापीठात गेले. गणितासाठी बुडापेस्ट विद्यापीठात नाव नोंदवून ते मुख्यतः परीक्षांपुरते तेथे जात. १९२६ साली त्यांनी झुरिकची अभियांत्रिकीची पदविका आणि बुडापेस्टची गणितातील डॉक्टरेट या दोन्ही मिळवल्या. त्यांचा प्रबंध संचसिद्धान्ताच्या गृहीतकांवर होता. त्यानंतर रॉकफेलर शिष्यवृत्तीवर त्यांनी ग्योटिंगेन येथे डाव्हिड हिल्बर्ट यांच्यासमवेत काम केले. १९२७ पासून बर्लिन आणि १९२९ पासून हॅम्बुर्ग विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले.

यदृच्छेचा आरंभीचा अभ्यास

नॉयमन यांच्या सुरुवातीच्या दोन मोठ्या संशोधनांत यदृच्छेला मध्यवर्ती स्थान आहे. १९२८ साली त्यांनी दोन खेळाडूंच्या अशा खेळांविषयीचा प्रमेय सिद्ध केला, ज्यांत एकाचा लाभ म्हणजे दुसऱ्याची तेवढीच हानी असते. हा प्रमेय लघुमहत्तम प्रमेय म्हणून ओळखला जातो. एखादा खेळाडू नेहमी एकच चाल खेळत राहिला, तर प्रतिस्पर्धी ती ओळखून त्याला हरवतो. म्हणून अनेक खेळांत विशिष्ट प्रमाणात पण यदृच्छेने चाली निवडणे हेच सर्वांत सुरक्षित धोरण ठरते. येथे यदृच्छा म्हणजे अज्ञान नसून खेळाडूने जाणीवपूर्वक वापरलेले साधन आहे. याच विचाराचा विस्तार करून त्यांनी ऑस्कर मॉर्गेनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञांसह लिहिलेला खेळांचा सिद्धान्त आणि आर्थिक वर्तन यांवरील ग्रंथ १९४४ साली प्रसिद्ध झाला.

दुसरे संशोधन पुंजयामिकीचे. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन ग्रंथात त्यांनी या शास्त्राला काटेकोर गणिती पाया दिला. अणूच्या पातळीवरील घटनांमागे काही लपलेली कारणे असून ती कळल्यास यदृच्छा नाहीशी होईल, ही कल्पना पुंजयामिकीशी सुसंगत नाही असा युक्तिवादही त्यांनी त्यात केला. या युक्तिवादातील एका गृहीतकावर १९३५ साली ग्रेटे हेरमान यांनी आक्षेप घेतला. तो फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. पुढे १९६६ साली जॉन बेल यांनी तसाच आक्षेप नव्याने मांडला, तेव्हा तो मान्य झाला.

अमेरिकेतील वास्तव्य

१९३० साली नॉयमन प्रिन्स्टन विद्यापीठात अभ्यागत म्हणून गेले. १९३३ साली प्रिन्स्टनमध्ये सुरू झालेल्या उच्च अध्ययन संस्थेत पहिल्या काही प्राध्यापकांमध्ये त्यांची नेमणूक झाली. अल्बर्ट आइन्स्टाइन हेही त्यांतलेच होते. हे पद त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. १९३७ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले.

१९३० साली त्यांचा विवाह मारिएट क्योवेशी यांच्याशी झाला. त्यांची कन्या मरीना हिचा जन्म १९३५ सालचा. १९३७ साली हा विवाह संपुष्टात आला आणि १९३८ साली त्यांनी बुडापेस्टच्या क्लारा दान यांच्याशी विवाह केला. क्लारा यांचे औपचारिक गणिती शिक्षण फारसे झालेले नव्हते. तरीही त्या पुढे सुरुवातीच्या संगणक प्रोग्रॅमकारांपैकी एक ठरल्या.

दुसऱ्या महायुद्धात नॉयमन यांनी तोफगोळ्यांच्या आणि स्फोटांच्या गणितावर अमेरिकन लष्करासाठी काम केले. १९४३ पासून ते लॉस अलामोस येथील अणुबाँब प्रकल्पाचे सल्लागार होते. प्लुटोनियमचा गोळा सर्व बाजूंनी एकाच वेळी आत दाबण्यासाठी स्फोटकांची रचना कशी असावी, या प्रश्नावर त्यांचे काम महत्त्वाचे ठरले. अशा रचनेचा बाँब ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर टाकण्यात आला. बाँबसाठी जपानमधील शहरे निवडणाऱ्या समितीचेही ते सदस्य होते.

एनिअ‍ॅक आणि एडव्हॅक

१९४४ च्या उन्हाळ्यात मेरीलँड राज्यातील ॲबर्डीन रेल्वे स्थानकावर नॉयमन यांची गाठ लष्करी अधिकारी आणि गणितज्ञ हर्मन गोल्डस्टाइन यांच्याशी पडली. फिलाडेल्फियात एनिअ‍ॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक संगणक तयार होत असल्याचे त्यांना या भेटीत कळले. सुमारे १८,००० निर्वात नळ्या असलेल्या या यंत्राचे रचनाकार जॉन मॉचली आणि प्रेस्पर एकर्ट हे होते. यंत्राचा वेग मोठा असला, तरी नवे गणित सोडवायचे तर त्याच्या तारा आणि स्विच नव्याने जोडावे लागत आणि त्यात अनेक दिवस जात.

पुढच्या एडव्हॅक या यंत्राविषयी झालेल्या चर्चांच्या आधारे नॉयमन यांनी एक मसुदा लिहिला. तो ३० जून १९४५ या तारखेने वितरित झाला. आज्ञाही आकड्यांप्रमाणेच यंत्राच्या स्मृतीत ठेवाव्यात, ही कल्पना त्यात सुसूत्रपणे मांडली होती. मसुद्यावर एकट्या नॉयमन यांचेच नाव होते. त्यामुळे एकर्ट आणि मॉचली दुखावले गेले आणि श्रेयाचा हा वाद पुढे अनेक वर्षे चालला. संगणकाच्या या रचनेला केवळ नॉयमन यांचे नाव देणे अन्यायाचे आहे, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे.

मॉन्टे कार्लो पद्धती

१९४६ साली नॉयमन यांचे मित्र, पोलंडमध्ये जन्मलेले गणितज्ञ स्टॅनिस्लॉ उलाम हे मेंदूच्या गंभीर आजारातून बरे होत होते. विश्रांतीच्या काळात ते एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव मांडत. हा डाव सुटण्याची शक्यता किती, हे गणिताने काढणे त्यांना फार किचकट वाटले. त्याऐवजी पुष्कळ डाव मांडून त्यांतले किती सुटले हे मोजले तर शक्यतेचा चांगला अंदाज मिळेल, असे त्यांच्या लक्षात आले. नव्या संगणकामुळे असे हजारो डाव मांडणे शक्य होणार होते. अण्वस्त्रातील न्यूट्रॉनांचे वर्तनही याच रीतीने अभ्यासता येईल, असे उलाम आणि नॉयमन यांना वाटले.

११ मार्च १९४७ रोजी नॉयमन यांनी लॉस अलामोस येथील रॉबर्ट रिक्टमायर यांना पत्र लिहून या पद्धतीचा तपशीलवार आराखडा कळवला. त्यातील कल्पना अशी होती : न्यूट्रॉन द्रव्यातून जाताना त्याची पुढची टक्कर किती अंतरावर होईल, टक्कर झाल्यावर तो शोषला जाईल, दिशा बदलेल की अणुकेंद्रकाचे विखंडन घडवून नवे न्यूट्रॉन निर्माण करील, हे सर्व संभाव्यतेवर अवलंबून असते. प्रत्येक टप्प्यावर एक यादृच्छिक संख्या घ्यावी आणि तिच्यावरून काय घडले ते ठरवावे. अशा अनेक न्यूट्रॉनांचा जीवनक्रम आखला की साखळी प्रक्रिया वाढते आहे की विझते आहे, ते कळते. शंभर न्यूट्रॉनांच्या प्रत्येकी शंभर टकरी तपासण्यास एनिअ‍ॅकला सुमारे पाच तास लागतील, असा त्यांचा अंदाज होता.

या पद्धतीला मॉन्टे कार्लो हे नाव निकोलस मेट्रोपोलिस यांनी सुचवले. मोनॅकोतील मॉन्टे कार्लो हे जुगारगृहांसाठी प्रसिद्ध असून तेथे खेळण्यासाठी नातेवाइकांकडून उसने पैसे घेणाऱ्या उलाम यांच्या एका काकांवरून हे नाव सुचले, असे सांगितले जाते. १९४८ च्या वसंत ऋतूत ॲबर्डीन येथे हलवलेल्या एनिअ‍ॅकवर ही गणिते प्रत्यक्ष करण्यात आली. त्याआधी एनिअ‍ॅकमध्ये असे फेरफार केले होते की, दर वेळी तारा न बदलता सांकेतिक आज्ञांच्या यादीने तो चालवता यावा. या गणितांसाठीचा प्रोग्रॅम लिहिण्यात आणि यंत्रावर चालवण्यात क्लारा फॉन नॉयमन यांचा मोठा वाटा होता.

यादृच्छिक संख्यांचा प्रश्न

मॉन्टे कार्लो पद्धतीला यादृच्छिक संख्यांचा अखंड पुरवठा लागतो. तोवर अशा संख्या छापील कोष्टकांतून घेतल्या जात. एल. एच. सी. टिपेट यांनी १९२७ साली जनगणनेच्या अहवालांतील आकड्यांवरून ४१,६०० अंकांचे कोष्टक प्रसिद्ध केले होते. अमेरिकेतील रँड या संस्थेने १९४७ साली इलेक्ट्रॉनिक स्पंदांवर चालणाऱ्या यंत्राने दहा लाख अंक तयार केले; ते पुस्तकरूपाने १९५५ साली प्रसिद्ध झाले. त्या यंत्रातही कालांतराने विशिष्ट अंकांकडे कल दिसू लागला आणि तो दूर करण्यासाठी अंकांवर पुन्हा प्रक्रिया करावी लागली.

एनिअ‍ॅकमध्ये मात्र मोठे कोष्टक ठेवण्यास जागाच नव्हती. त्याच्या बदलत्या स्मृतीत दहा अंकी संख्या साठवणारे केवळ २० संचायक होते. छिद्रित कार्डांवरून संख्या वाचता येत. पण यंत्राच्या गणनेच्या वेगापुढे कार्डवाचनाचा वेग फारच कमी होता. म्हणून आवश्यक त्या क्षणी यंत्रानेच गणित करून पुढची संख्या तयार करावी, असा मार्ग नॉयमन यांनी निवडला.

मध्यवर्ग पद्धती

ही पद्धती अत्यंत सोपी आहे. ठरावीक अंकांची एक संख्या घ्यावी, तिचा वर्ग करावा आणि वर्गाच्या मधले तितकेच अंक पुढची संख्या म्हणून वापरावेत. सुरुवातीच्या संख्येला बीज म्हणतात. उदाहरणार्थ, बीज १२३४ असेल तर त्याचा वर्ग १५२२७५६ येतो. डावीकडे शून्य देऊन तो आठ अंकी केला की ०१५२२७५६ होतो आणि मधले चार अंक ५२२७ मिळतात. ५२२७ चा वर्ग २७३२१५२९. म्हणून पुढची संख्या ३२१५. याच रीतीने पुढे ३३६२, ३०३० आणि १८०९ या संख्या येतात. वर्गाच्या मधल्या अंकांवर मूळ संख्येच्या सर्व अंकांचा परिणाम होत असल्याने क्रमात उघड नियमितता दिसत नाही.

तरीही हा क्रम यादृच्छिक नसतो. एक संख्या कळली की पुढच्या सर्व संख्या ठरतात आणि तेच बीज दिले की तोच क्रम पुन्हा मिळतो. अशा संख्यांना छद्म-यादृच्छिक संख्या म्हणतात. शिवाय चार अंकी संख्या एकूण १०,००० च असल्यामुळे कधी ना कधी एखादी संख्या पुन्हा येतेच आणि त्यानंतर क्रम त्याच चक्रात फिरत राहतो.

पद्धतीतील उणिवा

काही संख्यांवर ही पद्धती तत्काळ थांबते. २५०० चा वर्ग ०६२५०००० असल्याने त्यातून पुन्हा २५०० च मिळते. ३७९२ चा वर्ग १४३७९२६४, म्हणजे तीही स्वतःलाच जन्म देते. २१००, ४१००, ८१०० आणि ६१०० या चार संख्या एकमेकींमागे फिरत राहतात. संख्येचे शेवटचे दोन अंक शून्य झाले की ते पुढे शून्यच राहतात. पहिले दोन अंक शून्य झाले तर संख्या लहान होत जाते : ००८४ नंतर ००७०, ००४९, ००२४, ०००५ आणि अखेर ००००. शून्यावर पोचलेल्या क्रमातून नंतर काहीच निष्पन्न होत नाही.

जॉर्ज फोर्साइथ यांनी १९५० च्या सुमारास चार अंकी सोळा बीजे तपासली. त्यांपैकी बारा बीजांचे क्रम वरील चार संख्यांच्या चक्रात अडकले आणि दोन शून्यावर पोचले. संख्येतील अंक वाढवल्यास परिस्थिती पुष्कळ सुधारते. मेट्रोपोलिस यांनी ३८ द्विमान अंकांच्या संख्या वापरून सुमारे ७,५०,००० संख्यांचा असा क्रम मिळवला, जो ऱ्हास होण्यापूर्वी यादृच्छिकतेच्या चाचण्यांत समाधानकारक ठरला. तथापि कोणते बीज किती काळ चालेल, हे आधी सांगता येत नसल्यामुळे ही पद्धती पुढे मागे पडली.

पुनरावृत्तीचे महत्त्व

नॉयमन यांना या उणिवा ठाऊक होत्या. अंकगणिती रीतीने यादृच्छिक अंक निर्माण करू पाहणारा मनुष्य मुळातच एक तात्त्विक पाप करत असतो, अशा अर्थाची मिस्कील टिप्पणी त्यांनी केली होती आणि ती आजही या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत आढळते. असे असूनही त्यांनी भौतिक साधनांपेक्षा अंकगणिती पद्धतीला पसंती दिली, कारण तिच्यात पडताळा शक्य होता. त्या काळी निर्वात नळ्या वारंवार बिघडत आणि गणित बरोबर झाले की नाही हे पाहण्यासाठी ते पुन्हा करून उत्तरे ताडावी लागत. विद्युत गोंगाटासारख्या भौतिक स्रोतापासून अंक घेतले, तर दुसऱ्या वेळी वेगळेच अंक येणार आणि चूक यंत्राची की यदृच्छेची हे कळणार नाही. प्रत्येक अंकाची नोंद ठेवणे हाच त्यावर उपाय, पण तेवढी साठवण कोठेच नव्हती. छद्म-यादृच्छिक क्रम मात्र बीज लक्षात ठेवले की जसाच्या तसा पुन्हा मिळतो.

याच काळात इंग्लंडमध्ये ॲलन ट्युरिंग यांच्या सूचनेवरून मँचेस्टरच्या फेरांटी मार्क १ या संगणकात विद्युत गोंगाटातून यादृच्छिक संख्या देणारी आज्ञा बसवण्यात आली होती. या दोन निवडींतील फरक आजही टिकून आहे. शास्त्रीय गणितांमध्ये क्रम पुन्हा मिळणे इष्ट असते. गुप्तलेखनात मात्र क्रम दुसऱ्या कोणालाही मिळता कामा नये, म्हणून तेथे अंदाज न करता येणारे भौतिक स्रोत आवश्यक ठरतात.

१९४९ चा निबंध

१९४९ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिस येथे मॉन्टे कार्लो पद्धतीवर परिसंवाद झाला. तेथे नॉयमन यांनी यादृच्छिक अंकांच्या तंत्रांवर दिलेले व्याख्यान फोर्साइथ यांनी संक्षेपाने लिहून काढले आणि ते १९५१ साली प्रसिद्ध झाले. काही पृष्ठांच्या या निबंधातील अनेक युक्त्या अद्याप वापरात आहेत.

त्यांपैकी एक सदोष नाण्याची आहे. एखाद्या नाण्यावर छाप पडण्याची संभाव्यता ०.७ आणि काट्याची ०.३ आहे असे समजा. हे नाणे दोनदा उडवावे. आधी छाप मग काटा आला तर निकाल छाप मानावा. आधी काटा मग छाप आला तर निकाल काटा मानावा. दोन्ही वेळा सारखेच आले तर ती जोडी सोडून द्यावी. पहिल्या दोन्ही शक्यता ०.७ आणि ०.३ यांच्या गुणाकाराएवढ्या, म्हणजे प्रत्येकी ०.२१ असल्याने निकाल निःपक्षपाती येतो. दोष नेमका किती आहे हे ठाऊक असण्याचीही गरज नसते. मात्र प्रत्येक उडवणे स्वतंत्र असावे लागते. ५८ टक्के जोड्या वाया जातात, ही या निःपक्षपातीपणाची किंमत होय.

दुसरी युक्ती नकार पद्धती या नावाने ओळखली जाते. हव्या त्या प्रमाणात विखुरलेल्या संख्या थेट मिळत नसतील, तर सोप्या रीतीने मिळणाऱ्या संख्या घेऊन त्यांतील नको त्या टाकून द्यायच्या. वर्तुळात समप्रमाणात विखुरलेले बिंदू हवे असल्यास त्या वर्तुळाभोवतीच्या चौरसात बिंदू निवडावेत आणि वर्तुळाबाहेर पडणारे वगळावेत. सरासरी १०० पैकी सुमारे ७८ बिंदू उपयोगी पडतात. न्यूट्रॉनाच्या पुढच्या टकरीचे अंतर काढण्यास लॉगॅरिथम लागतो. तो टाळून केवळ संख्यांची लहानमोठी तुलना करत हवे ते वितरण मिळवण्याची रीतही नॉयमन यांनी याच निबंधात दिली.

पाय आणि ई यांचे अंक

निश्चित नियमाने ठरणारे अंक यादृच्छिक भासतात का, हा प्रश्न नॉयमन यांनी वेगळ्या अंगानेही तपासला. त्यांच्या सूचनेवरून १९४९ साली एनिअ‍ॅकवर ई आणि पाय या स्थिरांकांची प्रत्येकी २,००० हून अधिक दशांश स्थळे काढण्यात आली. पायच्या २,०३७ स्थळांसाठी सुमारे ७० तास लागले. मेट्रोपोलिस आणि जॉर्ज राइटविस्नर यांच्यासह नॉयमन यांनी या अंकांची सांख्यिकीय तपासणी १९५० साली प्रसिद्ध केली. पायचे अंक यादृच्छिक अंकांसारखे दिसले. ई च्या अंकांत मात्र ० ते ९ हे सर्व अंक अपेक्षेपेक्षा जास्तच समप्रमाणात आढळले. यदृच्छेत थोडीफार विषमता असतेच. ती फार कमी असणे हेही संशयाचे कारण ठरते, हे या तपासणीतून स्पष्ट झाले.

प्रिन्स्टनचा संगणक

१९४६ पासून उच्च अध्ययन संस्थेत नॉयमन यांच्या नेतृत्वाखाली नवा संगणक बांधण्यात आला. गोल्डस्टाइन, आर्थर बर्क्स आणि अभियंते ज्युलियन बिगेलो हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. ४० द्विमान अंकांचे १,०२४ शब्द साठवणारा हा संगणक १९५२ साली औपचारिकरीत्या सुरू झाला. त्याच्या रचनेचे अहवाल मुक्तपणे वाटण्यात आल्यामुळे अमेरिकेत आणि इतर देशांत त्या धर्तीची अनेक यंत्रे तयार झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणकही स्मृतीत आज्ञा साठवण्याच्या याच तत्त्वावर चालत असे. १९५० साली ज्यूल चार्नी यांच्यासह नॉयमन यांनी एनिअ‍ॅकवर हवामानाच्या पहिल्या संगणकीय अंदाजाचे प्रयोग केले. स्वतःची प्रतिकृती तयार करू शकणाऱ्या यंत्रांचा गणिती सिद्धान्तही त्यांनी याच काळात मांडला.

शासकीय कार्य

युद्धानंतर नॉयमन अमेरिकेच्या संरक्षण धोरणाचे प्रभावी सल्लागार बनले. सोव्हिएत संघाविरुद्ध कठोर भूमिका घ्यावी असे त्यांचे मत होते आणि हायड्रोजन बाँब तसेच आंतरखंडीय क्षेपणास्त्रांच्या विकासाला त्यांनी पाठिंबा दिला. तथापि १९५४ साली रॉबर्ट ओपेनहायमर यांच्या निष्ठेची चौकशी झाली, तेव्हा मतभेद असूनही त्यांनी ओपेनहायमर यांच्या बाजूने साक्ष दिली. १९५५ साली ते अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य झाले. १९५६ साली त्यांना एन्रिको फेर्मी पुरस्कार आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हस्ते स्वातंत्र्य पदक देण्यात आले.

मृत्यू

१९५५ साली नॉयमन यांना कर्करोग झाल्याचे निदान झाले. अणुचाचण्यांच्या ठिकाणी झालेल्या किरणोत्सर्गामुळे तो झाला असावा, अशी शंका काही चरित्रकारांनी व्यक्त केली आहे. मात्र त्याला पुरावा नाही. रोग मेरुदंडापर्यंत पसरल्याने त्यांना चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी वॉशिंग्टन येथील वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. संगणक आणि मेंदू यांची तुलना करणारी त्यांची व्याख्याने अपुरी राहिली. ती क्लारा यांच्या प्रस्तावनेसह १९५८ साली प्रसिद्ध झाली. स्वयंप्रतिकृत यंत्रांवरील अपूर्ण लेखन बर्क्स यांनी पूर्ण करून १९६६ साली प्रकाशित केले.

वारसा

मध्यवर्ग पद्धतीची जागा लवकरच इतर पद्धतींनी घेतली. डी. एच. लेमर यांनी १९४९ साली मांडलेल्या पद्धतीत आधीच्या संख्येला ठरावीक संख्येने गुणून येणारी बाकी पुढची संख्या म्हणून घेतली जाते. त्यांनी गुणक २३ आणि भाजक १०,००,००,००१ वापरला होता. त्यातून ५८,८२,३५२ संख्यांनंतर पुनरावृत्ती होणारा क्रम मिळतो. या प्रकारात आवर्तनाची लांबी आधी सिद्ध करता येते, हा तिचा मोठा गुण. पण लांब आवर्तन पुरेसे नसते. १९६० च्या दशकात सर्रास वापरल्या गेलेल्या रँडू या प्रोग्रॅममध्ये लागोपाठच्या तीन संख्या अवकाशातील बिंदूचे सहनिर्देशक मानल्या, तर सर्व बिंदू केवळ १५ समांतर प्रतलांवर येतात, असे पुढे आढळले. त्यामुळे त्यावर आधारलेल्या अनेक गणितांविषयी शंका निर्माण झाली. माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा यांची १९९८ साली प्रसिद्ध झालेली मर्सेन ट्विस्टर ही पद्धती आता अनेक प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये वापरली जाते. तिचेही क्रम बीजावरून पूर्णपणे ठरतात आणि पुरेशा संख्या पाहिल्यावर पुढच्या संख्या ओळखता येतात, म्हणून गुप्तलेखनासाठी ती अयोग्य मानली जाते.

मॉन्टे कार्लो पद्धती भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र, किरणोपचाराचे नियोजन आणि संगणकीय चित्रनिर्मिती अशा अनेक क्षेत्रांत रुळली आहे. सदोष नाण्याची युक्ती भौतिक स्रोतांतून मिळालेल्या अंकांतील कल काढून टाकण्यासाठी, तर नकार पद्धती सांख्यिकीच्या प्रोग्रॅममध्ये नित्य उपयोगात येते. चंद्रावरील एका विवराला नॉयमन यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांच्या नावाने क्रियात्मक संशोधनातील सैद्धान्तिक कार्यासाठी पारितोषिक आणि संगणकशास्त्रातील कार्यासाठी पदक दिले जाते.